विद्यापीठाचा उंबरठा आणि आपल्या समाजातील मातापिता

दरवर्षी २५ सप्टेंबर उजाडला म्हणजे चिरनेरकडे जाणाऱ्या वाटा माणसांनी फुलून जातात. १९३० साली याच दिवशी जंगल सत्याग्रहात येथे गोळीबार झाला आणि आठ सत्याग्रही धारातीर्थी पडले. त्या काळी पनवेल तालुक्यात मोडणारे हे गाव आज उरण तालुक्यात आहे. परंतु तालुका बदलला म्हणून चिरनेरच्या धाकू गवत्या फोफेरकरांचे किंवा नाग्या महादू कातकऱ्याचे नाव कोणी विसरलेले नाही. कोप्रोली, मोठी जुई, धाकटी जुई, पाणदिवे, खोपटे, दिघोडे या गावांनीही आपापला माणूस त्या दिवशी दिला. आगरी, कोळी, न्हावी, कातकरी असा भेद गोळीने पाहिला नाही. हा इतिहास आपल्या समाजातील लहान मूलही जाणते. तो पुन्हा सांगण्यासाठी आम्ही लेखणी हाती घेतलेली नाही.

आम्हांस सांगावयाचा आहे तो दुसरा एक इतिहास. त्यास स्मारक नाही, त्याची पुण्यतिथी कोणी पाळीत नाही. स्वतः पाटीवर कधी रेघ न ओढलेल्या आईबापांनी आपल्या मुलांना मॅट्रिकपर्यंत व तेथून विद्यापीठापर्यंत कसे पोहोचविले, त्याचा तो इतिहास होय. १९२७ च्या जंगल कायद्याची कलमे ज्या भाषेत लिहिलेली होती, ती भाषा जंगलात मोळी बांधणाऱ्यास येत नव्हती. त्याच्या वहिवाटीचा निकाल दुसरा कोणी वाचावा, दुसऱ्याच कोणी लिहावा आणि त्याने केवळ अंगठा उठवावा, ही त्या काळची रीत. अन्यायाविरुद्ध छाती पुढे करणारे आपल्यात तेव्हाही होते. कागद वाचणारे मात्र विरळा होते. चिरनेरचे ऋण फेडावयाचे असेल, तर ते कागद वाचणारी पिढी घडवूनच फेडावे लागेल, असे आम्हांस वाटते.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ साली घेण्यात आली व न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे त्या पहिल्याच तुकडीतून बाहेर पडली. ज्या मुंबईत हे विद्यापीठ उभे राहिले, तिला मीठ, भात व मासळी पुरविणारी माणसे आपलीच. मचव्याने भाऊच्या धक्क्यास जाणे आपल्यास नवे नव्हते. परंतु धक्क्यापासून विद्यापीठाच्या दारापर्यंतचे थोडेसे अंतर तोडावयास आपल्याला कित्येक पिढ्या लागल्या. याचे कारण बुद्धीचा अभाव नव्हे. मूल आठ वर्षांचे झाले की ते मिठागरावर किंवा गुरांमागे जावयाचे, कारण त्याच्या हातांवाचून घर चालत नसे. तेव्हा प्रश्न असा उरतो की, ज्या घरांत पैसा नाही, पुस्तक नाही व वडीलधाऱ्यांना अक्षरओळखही नाही, त्या घराने शिकणाऱ्या मुलास द्यावे तरी काय?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, आणि ते आपल्या कोकणातच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, ते सुभेदार रामजी सकपाळ लष्करातून निवृत्त झाल्यावर मुंबईत परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहिले. त्याच खोलीत स्वयंपाक, तेथेच जळण, तेथेच जाते, तेथेच सगळ्यांचे निजणे. त्यांचा मुलगा भीमराव मॅट्रिकची तयारी करू लागला, तेव्हा त्याने अभ्यासाला बसावे कोठे हाच पेच होता. रामजींनी त्यावर उपाय काढला तो असा: मुलाने संध्याकाळी लवकर निजावे, आपण स्वतः पहाटे दोनपर्यंत जागत बसावे, आणि घर निवांत झाले म्हणजे त्याला उठवून आपण त्याच्या जागी आडवे व्हावे. मग दिव्याच्या उजेडात मुलगा वाचीत बसे. पुस्तकांसाठी पैसा नसला म्हणजे रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांचा एखादा दागिना मागून आणीत, गहाण ठेवीत व पेन्शन हाती येताच सोडवून परत करीत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. पुढे कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींच्या शब्दावरून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांस दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली व १९१२ साली ते बी. ए. झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची पुढील थोरवी जगास ठाऊक आहे. आम्ही येथे बोट ठेवतो ते त्या दोन वाजेपर्यंतच्या जागरणावर. खोली मोठी करणे रामजींच्या हाती नव्हते, परंतु त्या खोलीतील शांततेची वेळ मुलाच्या वाट्यास घालणे त्यांच्या हाती होते, आणि ते त्यांनी केले.

दुसरे उदाहरण थोरल्या भावाचे आहे. नामदार गोपाळ कृष्ण गोखले तेरा वर्षांचे असताना, १८७९ साली, त्यांचे वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी आपले शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली व त्यांतले ८ रुपये ते दरमहा गोपाळास पाठवीत. म्हणजे निम्म्याहून अधिक मिळकत धाकट्याच्या शिक्षणास आणि उरलेल्या ७ रुपयांत सगळा प्रपंच. गोपाळराव १८८४ साली पदवीधर झाले. पुढे १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात त्यांनीच मांडले. ते विधेयक संमत झाले नाही. पण गोरगरिबांच्या मुलांना शाळेचे दार उघडे असावे, ही मागणी त्या दिवसापासून देशापुढे उभी राहिली. गोविंदरावांचे ८ रुपये असे देशाच्या कामी आले. आपल्या समाजातही असे थोरले भाऊ घरोघर होऊन गेले. स्वतः रेतीच्या होडीवर किंवा गिरणीच्या पाळीत राबून धाकट्यास त्यांनी कॉलेजात ठेवले. धाकट्याच्या नावापुढे पदवी लागली. थोरल्याच्या तळहाताचे घट्टे कोणी मोजले नाहीत.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. १९१२ सालच्या मॅट्रिकच्या परीक्षेत सबंध विद्यापीठात पहिले येणारे आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविणारे चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते येथे जन्मले व रोह्यास वाढले. हेच पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. त्यांचे वडील वकील होते. घरात ग्रंथ होते, विद्येची परंपरा होती. त्याच कुलाबा जिल्ह्यात, त्याच सुमारास, खोताच्या जमिनीवर राबणाऱ्या आगरी कुळाच्या पोरास शाळेची वाट ठाऊक नव्हती. बुद्धीने ते पोर उणे होते असे कोण म्हणेल? उणे होते ते घरातील धान्य. म्हणूनच अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत शेतकऱ्यांनी जो संप चालविला, तो आम्ही शिक्षणाच्या इतिहासातही मोजतो. सहा वर्षे त्या लोकांनी खोतांच्या जमिनी कसल्या नाहीत, लाकडे तोडून व मिळेल ती मजुरी करून दिवस काढले. १९३९ चा कूळकायदा, १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन ही त्या वाटेवरील पुढील ठाणी. जमीन कसणाऱ्याची झाली तेव्हाच आपल्या आजोबांस, पोराला गुरांमागून काढून शाळेत बसविण्याचे धैर्य आले.

पाठोपाठ आणखी दारे उघडली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १२०० रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असणाऱ्यांच्या मुलांस फी माफ झाली. 'ई. बी. सी.' ही तीन अक्षरे तेव्हा खेडोपाडी मराठी शब्दासारखी रुळली. आपल्याच जासईचे दि. बा. पाटील वकील झाले व १९५७ साली विधानसभेत जाऊन बसले; शिकलेला आगरी काय करू शकतो हे उभ्या जिल्ह्याने पाहिले. इकडे साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले होते. ती माउली १९३० साली, म्हणजे चिरनेरच्याच वर्षी, निवर्तली. तिच्या सोन्यावर वाढलेल्या त्याच रयत शिक्षण संस्थेने १९७० साली पनवेलीत महात्मा फुले महाविद्यालय काढले. दुसऱ्याच्या लेकरांसाठी मंगळसूत्र देणाऱ्या त्या बाईचे ऋण, ती ज्यांना कधी भेटली नाही त्या आपल्या मुलांवरही आहे.

१९७० हे साल वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याच वर्षी १७ मार्च रोजी सिडकोची स्थापना झाली. म्हणजे आपल्या अंगणात एकाच वर्षी दोन गोष्टी आल्या: जमीन घेणारी कचेरी आणि पदवी देणारे महाविद्यालय. पहिलीकडे आपले लक्ष लागले, आणि लागावयासच हवे होते. कारण ती आपल्या पोटावर आली होती. १९८४ च्या जानेवारीत १६ व १७ या दोन दिवशी जासई-नवघर परिसरात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, तेव्हा कोठे पुढे साडेबारा टक्क्यांची योजना पदरात पडली. तो लढा आपला अभिमान आहे. पण दुसरीकडे, त्या महाविद्यालयाकडे, आपण तितक्याच निकराने पाहिले का? भूखंडाचा व मोबदल्याचा पैसा ज्या घरांनी मुलांच्या शिक्षणात घातला, त्या घरांत आज डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक, अधिकारी दिसतात. ज्या घरांनी तो मांडवात, वाजंत्रीत व गाड्यांत घातला, त्या घरांची नातवंडे आज त्याच बंदरावर, दुसऱ्याच्या कंत्राटावर, रोजाने कामास जातात. दोन्ही घरे एकाच आळीतली. आम्ही कोणास नावे ठेवीत नाही. आम्ही केवळ पस्तीसहून अधिक वर्षे शाळेच्या फळ्यापाशी उभे राहून जे पाहिले, ते सांगतो.

आणि हे आज सांगण्याचे कारण असे की, काळ तीच कसोटी पुन्हा घेत आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावाशेवा हा अटल सेतू खुला झाला. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात उरण, पनवेल व पेण या तालुक्यांतील १२४ गावांच्या नव्या नगरासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नेमणूक झाली. त्या नियोजित नगराचे नाव आहे कर्नाळा-साई-चिरनेर. ज्या नावासाठी आठ माणसांनी गोळ्या झेलल्या, ते नाव आता नगररचनेच्या नकाशावर आहे. जमिनीचे काय व्हावे, यासाठी आपल्या संघटना समर्थ आहेत. आमची विनवणी एवढीच की, ज्या घरात यंदा अकरावी-बारावीचे मूल आहे, त्या घराने नकाशाबरोबर त्या मुलाच्या वहीकडेही पाहावे. जमीन एकदा गेली की परत येत नाही. सोळा ते अठरा ही वर्षेही परत येत नाहीत.

तर मग आईबापांनी करावे काय? मागील पिढ्यांच्या आचरणातूनच आम्ही चार गोष्टी काढतो.

पहिली गोष्ट शांततेची. रामजींच्या खोलीत जात्याचा आवाज होता. आपल्या घरांत दूरदर्शन संचाचा आणि मोबाईलचा आहे, शेजारी हळदीच्या मांडवातील कर्ण्यांचा आहे. बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते आणि तिच्या पाठोपाठ एप्रिल-मे महिन्यांत प्रवेशपरीक्षा येतात. नेमका तोच आपला लगीनसराईचा हंगाम. घरात परीक्षेचे मूल असता रात्रभर कर्णे लावणे हे त्याच्या पानावर पाणी ओतण्यासारखे आहे. गावाने ठरविले तर रात्री दहानंतर मांडव शांत होऊ शकतो. मुलाच्या हातातील मोबाईल बाजूला ठेववावयाचा असेल, तर आधी बापाच्या हातातला खाली गेला पाहिजे.

दुसरी गोष्ट सोबतीची. आमच्या एका विद्यार्थिनीची आई निरक्षर होती. दिवसभर सुकी मासळी विकून आल्यावर ती रात्री मुलीपाशी सुपात तांदूळ निवडीत बसे. मुलगी 'आये, तू नीज' म्हणाली तर म्हणे, 'तू वाच, मी जागी हाय.' रसायनशास्त्रातील एक अक्षर तिला कळत नव्हते. पण आपण करतो ते काम मोलाचे आहे, हे मुलीला त्या सुपाच्या आवाजातून कळत होते. ती मुलगी आज परिचारिका आहे. शिकवणीची फी भरली म्हणजे पालकाचे कर्तव्य संपले, असे मानणाऱ्या सुशिक्षित पालकांनी त्या बाईपासून धडा घ्यावा. आणि मुलगी शिकत असेल तर भांडी, पाणी व धाकट्यांचा सांभाळ तिच्याच माथी का? परीक्षेच्या वर्षी तरी भावाने घागर उचलावी. त्याने त्याचा हात झिजणार नाही.

तिसरी गोष्ट कागदपत्रांची. ही रूक्ष वाटेल, पण हुशार मुलांचे प्रवेश येथेच अडलेले आम्ही पाहिले आहेत. आपला समाज इतर मागासवर्गात मोडतो. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्र व जात वैधता प्रमाणपत्र ही तिन्ही निकालानंतर धावपळ करून मिळत नाहीत. वैधतेसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. हा पुरावा पुष्कळदा सापडतो तो जुन्या प्राथमिक शाळेच्या जनरल रजिस्टरात, आजोबांच्या किंवा पणजोबांच्या नावापुढे. ज्या आज्याला दुसरी इयत्ताही पुरी करता आली नाही, त्याला त्याच्या बापाने एक दिवस शाळेत नेऊन बसविले होते. त्या एका दिवसाची ती ओळ आज पणतवाच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशास उपयोगी पडते. शाळेत घातलेले पाऊल कधी वाया जात नाही, याचा याहून चांगला पुरावा आम्हांस ठाऊक नाही. यास्तव मूल अकरावीत जाताच तो उतारा काढावा, नावात व आडनावात फरक असल्यास वेळीच पाहावा, आणि वडील, काका किंवा आत्या यांपैकी कोणाचे वैधता प्रमाणपत्र असल्यास त्याची प्रत जोडावी. तसेच २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या इतर मागासवर्गीय कुटुंबांतील मुलींना शासनाच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क माफ करण्याचा निर्णय शासनाने घेतला. 'मुलीसाठी एवढा पैसा कोठून आणू' हे कारण पुढे करण्यापूर्वी बापाने एवढी चौकशी अवश्य करावी.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. शेजाऱ्याचा मुलगा विज्ञान शाखेस गेला म्हणून आपलाही गेलाच पाहिजे, हा हट्ट सोडावा. मुलाचा कल भाषेकडे असेल, हिशेबाकडे असेल, यंत्राकडे असेल, शेतीकडेही असेल. त्याला विचारावे, त्याच्या शिक्षकांस विचारावे. आणि निकाल मनासारखा लागला नाही तर? जुन्या काळी मॅट्रिकला एकदा नापास होणे ही घरोघरीची गोष्ट होती. 'ऑक्टोबरला बसू' म्हणून लोक पुन्हा पुस्तके उघडीत आणि पुढे कर्तबगार होत. आज ऑक्टोबरची ती परीक्षा जून-जुलैत होते, म्हणजे मुलाचे वर्ष वाचण्याची सोय पूर्वीहून अधिक आहे. पण पालकांचा धीर मात्र पूर्वीहून कमी झाला आहे. निकालाच्या दिवशी बापाच्या तोंडून गेलेला एक कठोर शब्द मुलाच्या जिवावर बेतू शकतो. गुण कमी पडले तर पुन्हा मिळविता येतात. गेलेले लेकरू कोठून आणावयाचे? त्या दिवशी बापाने आधी मुलास पोटाशी घ्यावे, ताट वाढावयास सांगावे, आणि पुढे काय करावयाचे हे दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावे. मूल अबोल झाले, जेवेनासे झाले, झोपेनासे झाले, तर देवऋषी न शोधता डॉक्टरांकडे न्यावे. त्यात कमीपणा नाही.

या सर्व गोष्टी घराने करावयाच्या. परंतु काही गोष्टी समाजाने करावयाच्या आहेत. भीमरावांस केळूसकर गुरुजी भेटले नसते, तर रामजींचे जागरणही एकाकी पडले असते. प्रत्येक गावात समाजमंदिराची एक खोली रात्री अभ्यासिका म्हणून उघडी राहावी. समाजातील शिकलेल्या तरुणांनी आठवड्यातून एक संध्याकाळ तेथे द्यावी. जुन्या शाळांच्या रजिस्टरांतील उतारे कसे काढावयाचे, अर्ज कसे भरावयाचे, हे गावातील पालकांस समजावून सांगणारा एक तरी माणूस संघाने नेमावा. लग्नात आहेराचे एक पाकीट वेगळे काढून ते गावच्या अभ्यासिकेस द्यावे. यांतील एकही गोष्ट अवघड नाही, आणि एकीलाही शासनाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

चिरनेरच्या आठांनी आपल्या पोरांसाठी जंगलाची वाट मोकळी मागितली. चरीच्या कुळांनी जमीन मागितली. जासईच्या पाचांनी तिचे मोल मागितले. या तिन्ही लढ्यांत बाप पुढे होता व मूल त्याच्यामागे उभे होते. आताच्या या चौथ्या कामात मूल पुढे राहणार आहे. आईबापांनी त्याच्या पाठीशी उभे राहावयाचे आहे. ज्या घरांत यंदा परीक्षेचा दिवा लागला आहे, त्या सर्व घरांतील लेकरांस यश लाभो आणि त्यांच्यासाठी जागणाऱ्या मातापित्यांस उदंड आयुष्य लाभो, हीच आमची प्रार्थना.